लामैमावशीचा नाचाचा नवस

आमच्या थोनबुरीच्या गल्लीत भाजकी केळी विकणाऱ्या लामैमावशीला नवऱ्याचा वाढदिवस आठवत नाही. पण 'मलिवान'च्या चारही पोरींचे रक्तगट तोंडपाठ आहेत. मलिवान म्हणजे तिचा लाडका गाणाऱ्या-नाचणाऱ्या थाई मुलींचा बँड. तिच्या गाडीवर त्यांचे फोटो इतके, की त्यांतून केळी शोधावी लागतात.

या पोरींचा ओसाकात कार्यक्रम ठरला, तशी मावशी गल्लीतल्या चिनी देवळात जाऊन नवस बोलली, "देवा, सगळी तिकिटं खपू देत. त्यांचं नवं गाणं मी तुझ्यापुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचेन."

तिकिटं तासाभरात खपली. मग मावशीला स्वतःचा गुडघा आठवला. आमच्याकडे नवस बोलताना माणसं वकील होतात: नाचणाऱ्या मुली आणीन, अमुक इतक्या आणीन, अमुक दिवशी आणीन. अठ्ठावन्नाव्या वर्षी 'मी नाचेन' असं कुणी म्हणत नाही.

"हेंगकाका, भाड्याच्या मुली नाचल्या तर चालेल?" तिने पुजाऱ्याला विचारलं.

"नवस बोललं ते तोंड भाड्याचं होतं?"

"पण माझा गुडघा..."

"मग आधी त्याला विचारायचं होतंस!"

ओसाकाचा कार्यक्रम पार पडला. आता शनिवारी मलिवान पुढच्या कार्यक्रमासाठी तैपेईला निघणार होती. तोवर नवस फिटला नाही आणि पोरींचं तिथे काही बिनसलं, तर मावशी स्वतःला जन्मभर माफ करणार नव्हती. "नाचणारच," तिने जाहीर केलं. शेजारी इस्त्री करणारा मी हसलो, तर माझी केळी बंद झाली.

बुधवारी गाडीपाशी कानाए नावाची जपानी मुलगी थांबली. ओसाकाचा कार्यक्रम पाहून वेडी झालेली, मलिवानचा देश बघायला आलेली. तिची थाई भाषा सगळी गाण्यांतून उचललेली. त्यामुळे केळीसुद्धा 'तुझ्यावाचून जगू कशी' अशा सुरात मागायची. पण नव्या गाण्याची पावलं तिला चोख येत होती. मावशीने तिला तिथेच गुरू केलं.

"मावशी, डावा हात! हृदय त्या बाजूला नसतं!"

"माझं आहे तिथे ठीक आहे. तू पुढचं मोज."

शनिवारी सकाळी देवळापुढे गल्ली लोटली. मावशी अर्धं गाणं झोकात नाचली. मग खाली बसायचं पाऊल आलं. मावशी बसली आणि बसलेलीच राहिली.

"उचलू का?" मी धावलो.

"हात लावून तर बघ! गाणं संपायचंय अजून!"

उरलेलं गाणं ती बसल्याजागी हातांनी आणि मानेने नाचली. कानाए शेजारी बसून नाचू लागली, मग शाळेच्या पोरी, मग मासळीवाल्या. मी उभाच राहिलो. मधे पोट येतं.

गाणं संपल्यावर हेंगकाकांनी देवाचा कौल घ्यायला दोन लाकडी फाका मावशीच्या हातात दिल्या. एक उताणी, एक पालथी पडली, तर नवस पोचला. मावशीने फाका टाकल्या. दोन्ही उताण्या!

"म्हणजे काय?" कानाएचा चेहरा पडला.

"म्हणजे देव हसतोय," काका म्हणाले. "हसणारच. पुन्हा टाक."

या वेळी एक उताणी पडली, दुसरी भिंतीपर्यंत गडगडत जाऊन पालथी. गल्लीने आरोळी ठोकली. मी आणि कानाएने मावशीला उठवायला हात दिला, तर तिने तो झटकला. देवाकडे वळून तिने हात जोडले.

"देवा, आता पॅरिस. सगळी तिकिटं. मी नाचेन," तिने श्वास घेतला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, बसून."