दानशूराचा सत्कार

सासऱ्यांसाठी वृद्धाश्रम बघायला मी अंबाजोगाईजवळ गेले होते. माझ्या यादीत विचारायचे चौदा प्रश्न होते. अकरावा होता, "कुणी जिवाचं बरंवाईट करायचं मनात आणलं तर?"

व्यवस्थापक हसले. "अहो ताई, म्हातारी माणसं तसं बोलतच असतात. आपल्याकडं रोज पाचला भजन असतं." म्हणजे हा प्रश्न रोज पाचला सुटत होता.

त्या दिवशी तिथे एका आजोबांचा सत्कार होता. आठवडाभरात त्यांनी घड्याळ, रेडिओ, घोंगडी आणि शेवटी चष्माही इतरांना वाटून टाकला होता. एवढा दानशूर माणूस आश्रमाला प्रथमच लाभला होता. शाल, नारळ, टाळ्या, सगळं वेळेवर झालं.

व्हरांडा पुसता पुसता दारात थांबलेली पन्नाशीची एक कामवाली तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. पदराला हात पुसत ती व्यवस्थापकांना म्हणाली, "चष्मा दिऊन टाकलाय त्यांनी. उद्या पेपर कशानं वाचायचाय त्यांला?"

मग ती आजोबांसमोर उकिडवी बसली. "बाबा, मरायचं मनात हाय का?"

"पाहुण्यांसमोर असले शब्द?" व्यवस्थापक कुजबुजले.

आजोबा म्हणाले, "लई दिस झाले. कुणी इचारलंच न्हाई."

"मी इचारलंय. आता मी हितंच बसते. सर, डॉक्टरला बोलवा."

डॉक्टर येईपर्यंत तिने आजोबांचा हात सोडला नाही. व्हरांडा अर्धाच पुसलेला राहिला. तो तसा का राहिला, हे मात्र व्यवस्थापकांनी तिला आवर्जून विचारलं.