पानमळ्यातली चोरी आणि माझे बूट

ती घटना आठवली की आधी डोळ्यांपुढे येतात ते माझे सरकारी बूट. पन्नास सालानंतरचा काळ. अंजनगाव सुर्जीला मी नवा ठाणेदार म्हणून रुजू झालो होतो. वय कमी, मिशी मोठी आणि आपल्याला सगळं कळतं हा समज तिच्याहून मोठा.

एका सकाळी खबर आली. एका विधवा म्हातारीच्या पानमळ्यातून, बाजारासाठी बांधून ठेवलेल्या नागवेलीच्या पानांच्या चार टोपल्या गेल्या होत्या. खबर घेऊन आला तो तिचाच पुतण्या. चोर त्यानं डोळ्यांनी पाहिला होता म्हणे. चोर म्हणजे पानं बाजारात नेणारा गाडीवान. महिन्यापूर्वी म्हातारीनं त्याला कामावरून काढलं होतं, म्हणजे कारणही तयार. मी गाडीवानाला उचलला आणि कोठडीत टाकला.

त्यानं रडारड केली नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, मी नाई केलं. पोरीले पाहाले शुक्रवारी पाहुणे येऊन राहिले. त्यायच्या कानावर गेलं तं सोयरीक मोडन."

"हे आधी सुचायला हवं होतं," मी म्हणालो. आज हे लिहिताना लाज वाटते.

दुपारी पंचनाम्याला गेलो. आधी माणूस कोंडायचा आणि मग जागा पाहायची, असा माझा उलटा कारभार. कुंपण मोडलं होतं तिथून आत पाय टाकणार, तोच म्हातारी कडाडली.

"साहेब, बूट काढा. पानमळ्यात कोनी पायतन घालून येत नाई. वेल कोमजते."

"माय, मी सरकारी कामाला आलोय."

"सरकारच्या पायाले का माती लागत नाई?"

पंच तोंड फिरवून हसत होते. मी चरफडत खाली बसलो आणि नाड्या सोडू लागलो. बसलो म्हणून दिसलं. शेजारच्या ओल्या मातीत वहाणांच्या जोडाचा ठसा होता, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तसा नीट. तिथून आत गेलेली पावलं अनवाणी. सबंध मळ्यात वहाणेचा एकही ठसा नव्हता.

"माय, गाडीवानाला तुम्ही कामावरून का काढलं होतं?"

"याच्याचसाठी तं. दहादा सांगतलं, तरी वायना घालूनच मळ्यात शिरे. बाहेरगावचा हाय, त्याले काय समजते."

ठाण्यावर परतलो. पुतण्याला चहा पाजला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "गाडीवान मळ्यात शिरला तेव्हा त्याच्या पायात काय होतं रे?"

"पायतनच. तो कुठं काढते, साहेब?"

मी जबाब लिहिणाऱ्या जमादाराकडे पाहिलं. जमादारानं टाक खाली ठेवला. मळ्यातले ठसे सांगितल्यावर पुतण्यानं कबूल करायला फार वेळ घेतला नाही. काकू वेगळा मळा करून देत नाही, हा राग होता. टोपल्या त्याच्याच गोठ्यात निघाल्या.

"चोरीच करायची होती, तर वहाणा कशाला काढल्या?" मी विचारलं.

तो माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसा पाहू लागला. "मळ्यात पायतन घालून कसं जाव, साहेब? पाप लागते."

"आणि बिनगुन्ह्याचा माणूस कोठडीत बसवला, ते?"

तो हळूच म्हणाला, "ते मले कोनी सांगतलं नोतं. पन ठाऊक होतं."

माझे शेजारी वकील होते. संध्याकाळी ओसरीवर आमचा वाद चाले. नीती म्हणजे ज्या त्या गावची रीत, अंजनगावात एक, पुण्यात दुसरी, असं त्यांचं ठाम मत. पुतण्याचं हे वाक्य त्यांना ऐकवलं तेव्हा त्यांनी दोनदा चष्मा पुसला आणि उत्तर उद्या देतो म्हणाले. ते त्यांनी अजून दिलेलं नाही.

गाडीवानाला मी त्याच संध्याकाळी सोडलं. म्हातारी ठाण्यात आली आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, "बापू, आमच्या घरच्यानं तुले बट्टा लावला. चुकलं." मग माझ्याकडे वळली. "तुमी त्याले चुकलं म्हटलं का, साहेब?"

मी नोंदवही ओढून सुटकेची वेळ लिहू लागलो. खात्यात साहेब माफी मागत नाहीत, अशी आमची रीत. त्या दिवशी ती रीत मला पुतण्याच्या वहाणांसारखीच वाटली. रीत पाळली होती आणि माणसाकडे पाहिलंच नव्हतं.

शुक्रवारी मी गणवेशात गाडीवानाच्या घरी गेलो. पाहुणे सतरंजीवर बसले होते. पोलीस पाहून वराच्या बापाचा चेहरा उतरला. गाडीवान तर उभाच राहिला, हात जोडून. मी दारात बसलो, बूट काढले, आत गेलो आणि म्हणालो, "या माणसाला मी कोठडीत टाकलं होतं. त्याचा काही गुन्हा नव्हता. चूक माझी होती."

वराचा बाप सरकला, सतरंजीवर जागा केली आणि आतल्या बाजूला हाक मारली, "बाई, पोह्यायची आनखी एक बशी लागन."