चिंचेने उजळलेली नाणी

शेजारच्या मालतीवहिनींनी जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यापुढे मूठ उघडली, तेव्हा तिच्यातली चांदीची नाणी नव्या वाटीसारखी लखलखत होती. ती मीच आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून घासली होती. कचेरीबाहेर बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. त्यामुळे गल्लीतली माणसे कशाबाबतही मलाच विचारतात, आणि ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणणे मला जमत नाही.

जुनी नाणी विकत घेऊन जमवण्याचा छंद वहिनींच्या दिवंगत यजमानांना अखेरच्या दिवसांत जडला होता. दादाने पैसे मातीत घातले, असे दीर टोचून बोलतात, म्हणून वहिनींना नाण्यांचे मोल जाणून घ्यायचे होते.

“अगदी काळी पडली होती हो. या भाऊंनी दुपारभर खपून उजळली,” त्या कौतुकाने म्हणाल्या.

व्यापाऱ्याने भिंग खाली ठेवले. “घासायला नको होती, ताई. जुनेपणाची काळी झाक गेली, अक्षरंही पुसट झाली. आता नुसता चांदीचा भाव.”

काळे ते सारे मळकट, असा माझा ठाम समज होता. अर्ज लिहितानाही मी माणसांचे रडणे, अडखळणे खरवडून काढतो आणि ‘सदरहू’, ‘सविनय’ अशा शब्दांनी मजकूर चकचकीत करतो. त्या झिलईखाली कोणाचे काय नाहीसे झाले असेल, याचा विचार मी कधी केला नाही.

वहिनी नाणी रुमालात बांधू लागल्या. “म्हणजे भाऊजींचंच खरं. ह्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.”

मला मान वर करवेना.

“कळत होतं, वहिनी,” मी म्हणालो. “म्हणून तर त्यांनी ती काळीच ठेवली होती.”