मुळांच्या नावावर टाकलेलं पाणी

शेतात आल्यावर ओलकाका पिकाकडे बघतच नसत. सरळ खाली बसायचे. मुलगी बघायला जाऊन तिच्या चपला न्याहाळणारा माणूस, असं आमच्या साखरा गावात आम्ही त्यांना चिडवायचो. माती तपासणीच्या नोकरीतून निवृत्त झाले, तरी खांद्यावरचं लांब गिरमिट काही उतरलं नाही.

गिरमिटाने वीत-वीत खोलीची माती काढायची, डबीत भरायची, तोलायची, वाळवून पुन्हा तोलायची. आठ दिवसांनी परत तेच. ते म्हणायचे, "मूळ दिसत न्हाई, पन पानी पितं. पाऊस नसताना जितं ओल घटली, तितं मूळ पोचलं समजा." अंदाज सहसा चुकत नसे. हे सगळं फुकट. चहा मात्र दोनदा लागायचा.

एका वर्षी श्रावणात पावसाने दडी मारली ती भादवा सरत आला तरी तशीच. तूर माना टाकू लागली. आई म्हणाली, हिरवी आहे तोवर कापू, शेळ्या तरी जगतील. तिचा सगळा जीव त्या सात शेळ्यांवर. काकांनी दोनदा मोजलं. तीन वितींवर ओल घटली होती.

"कापू नका बाई. मुळं खाली चालली हायेत. तूर पंधरा दिवस काढल."

आम्ही थांबलो. बाराव्या दिवशी पानं वाळून गळाली. शेळ्यांना पालासुद्धा मिळाला नाही.

काकांनी कुदळ मागितली आणि एका झाडाशेजारी खणलं. सुरुवातीच्या पावसाच्या झडीत वरच पाणी मिळाल्याने मुळं वरच राहिली होती. दीड वितीखाली एकही नव्हतं. जमीन दगडासारखी झालेली, म्हणून काकांनी गिरमिट भेगेलगत घातलं होतं, तिथे ते सहज जाई. तिथली ओल भेगेतून उडून गेली होती. दोन हात पलीकडे, तेवढ्याच खोलीवर, माती अजून ओली होती. मला त्यांचा भयंकर राग आला.

"चूक माजी हाय बाई," ते आईला म्हणाले. "पानी भेगेनं नेलं, मी मुळाच्या नावावर टाकलं."

ज्यांना ज्यांना थांबायला सांगितलं होतं, त्यांच्या दारी जाऊन त्यांनी हेच सांगितलं. काहींनी आत बोलावलं नाही. मोजायला तर पुढे कुणीच बोलावलं नाही.

उन्हाळ्यात, ते गेले त्याच्या आठवडाभर आधी, आई आणि मी भेटायला गेलो. काका अंथरुणाला खिळलेले.

"शेळ्या जगल्या का?"

सातही शेळ्या दिवाळीआधीच बाजारात गेल्या होत्या.

"जगल्या की," आई म्हणाली. "एक व्याली बी."

"करडं किती?" त्यांनी मला विचारलं. त्यांना सगळं सुनवायचं ठरवूनच मी आलो होतो.

"दोन हायेत काका," मी म्हणालो. "अंगनभर उड्या मारून राहिलेत."