शून्य आलेली दुरुस्ती

पिंपळगाव रेणुकाईच्या बसथांब्यावर फ्लेक्स लागला, तेव्हाच परमेश्वरचं गणित चुकलेलं होतं. फक्त ही गोष्ट अजून कुणाला ठाऊक नव्हती. खुद्द परमेश्वरलाही नाही. फ्लेक्सवर तो कोट घालून हसत होता. कोट फ्लेक्सवाल्या मिथुननं कॉम्प्युटरवर चढवलेला, हसू मात्र घरचंच. खाली मजकूर होता : ‘प्रोटॉनचे कोडे सोडविल्याबद्दल गावचे भूमिपुत्र परमेश्वर धुळाजी यांचे हार्दिक अभिनंदन.’

मिथुनला बोल लावण्यात अर्थ नाही. परमेश्वरनंच त्याला फोनवर ओरडून सांगितलं होतं, “शून्य आलं रे, बिलकुल शून्य!” शून्य आल्यावर फ्लेक्स लावायची या गावाची रीत नाही. पण पोराचा आवाजच इतका खुशीत होता, की कशाचं शून्य हे विचारायचं राहूनच गेलं.

तर कशाचं? परमेश्वर मेंढरामागं वाढलेला. जिल्हा परिषदेची शाळा, भोकरदनचं कॉलेज, आणि आता विद्यापीठात प्रोटॉनचं संशोधन. काय करतो, असं गावात कुणी विचारलं की तो हातवारे करून सांगायचा. इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर फार जोरात आदळला, तर आतला एखादा क्वार्क एकटाच असल्यासारखा सापडतो. जोर कमी असला, की शेजारपाजारच्यांची ओढ जाणवायला लागते. त्या ओढीपायी हिशोबात जी दुरुस्ती करावी लागते, तिला ‘हायर ट्विस्ट’ म्हणतात. धडक वाढेल तशी ती आटत जाते. त्यातही परमेश्वरच्या वाट्याला आलेले प्रयोग फिरकीचे होते : इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोघांचीही फिरकी आधी ठरावीक दिशेला लावायची आणि मग टक्कर घडवायची. एवढं ऐकून विचारणारा “बराबर, बराबर” म्हणत चहा सांगायचा.

परमेश्वरच्या हिशोबात ही ओढ शून्य निघाली होती. धडक हळू असो की जोराची, क्वार्क आपले एकेकटेच. त्याच्या गाईड ज्योत्स्ना मॅडम येत्या सोमवारी कोलकात्याच्या परिषदेत हे मांडणार होत्या, नाव परमेश्वरचं पहिलं ठेवून.

असा सगळा थाट असताना वैशाखातल्या एका दुपारी तो रानात मेंढरं राखत बसला होता. सुट्टीत घरी आलेल्या शास्त्रज्ञालाही बापाकडं, धुळाजीआबांकडं, पाळी चुकत नसे. ऊन असं पडलेलं की लांबचा बांध पाण्यात ठेवल्यासारखा हलत होता. मेंढरं गोल करून उभी होती, प्रत्येकीनं डोकं दुसरीच्या पोटाखाली सावलीत खुपसलेलं. कुणाचं तोंड कुठं, काही पत्ता लागत नव्हता. नुसती लोकर, आणि त्या लोकरीचा एकच सावकाश श्वास. बघता बघता परमेश्वरच्या डोळ्यांवर गुंगी आली. त्याला वाटलं, प्रोटॉनही आतून असाच असेल. एक मोठी, उबदार दुपार, आणि तिच्यात एकमेकांच्या सावलीला उभे असलेले तिघं क्वार्क.

अर्धवट झोपेतच त्यानं काठीचं टोक एका मेंढीला हलकेच लावलं. ती सरकली. तिच्यासंगं शेजारची सरकली, मग पलीकडची, आणि अख्खा गोल कुरकुरत वीतभर हलला.

“निजल्याल्या जनावराला कशाला छेडून राह्यला?” चुलतभाऊ सर्जेराव बाभळीखालून म्हणाला. तो भोकरदनला सासुरवाडीच्या पाहुण्याला भेटायला निघालेला, वाटेत पाणी प्यायला टेकला होता. “मेंढरं पहिल्यांदाच पाह्यली का, शास्त्रज्ञ?”

परमेश्वरची झोप उडाली. हळू रेटलं तर सगळ्या हलतात. मग आपल्या क्वार्कांना एवढ्या हळू धक्क्यातही एकमेकांचं काहीच कसं वाटलं नाही? गुंगीतला विचार काही पुरावा नसतो. पण त्याचं बोट धरून तो मागं मागं गेला, आणि पहिल्या वर्षाशी येऊन थांबला. तेव्हा सराव म्हणून त्यानं आकड्यांतून ही ओढ पुस्तकातल्या सूत्रानं वजा करून पाहिली होती. आणि ती वजा केलेली फाईल मूळ फाईलच्याच नावानं जपून ठेवली होती. आता त्याच फाईलमध्ये तो ओढ शोधत बसलेला. मोंढ्यावर धान्य मोजताना पोत्याचा बारदाना आधीच वजा करायचा, अन् मग आपणच तोंडात बोट घालायचं, की बारदान्याला वजनच नाही!

“तोंड का उतरलं रे?”

त्यानं सगळं सांगितलं.

“मंग गप बस की,” सर्जेराव म्हणाला. “प्रोटॉन काय अर्ज घिऊन तहसीलात जाणारे?”

“दादा, सोमवारी मॅडम मोठमोठ्या लोकांपुढं माझं शून्य वाचणारेत. आज न्हाई तर उद्या कुणी तरी ते खोटं पाडंल. तव्हा नाव मॅडमचं जाईल. माझं हाये कुठं जायला?”

“आन् आत्ता सांगितलं तर?”

“तर माझं जाईल. परिषदेतून तरी.”

 सर्जेरावनं अंगातला धुतलेला सदरा काढून बाभळीला अडकवला. “जा पाण्याच्या टाकीवर, तिथं रेंज हाये. मेंढरं पाह्यतो मी. सासुरवाडीच्या पाहुण्याला सांगतो, आज जमत न्हाई म्हून. पन एक ध्यानात ठिव, एक दुपार उधार लागली तुह्याकडं.”

टाकीच्या तापलेल्या जिन्यावर उभा राहून परमेश्वरनं फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून फाईलची तारीख विचारून घेतली. मग म्हणाल्या, “मग खरी किती आहे?”

“माहीत नाही, मॅडम.”

“हे उत्तर शून्यापेक्षा बरं आहे. सोमवारचं मी मागं घेते. तुझ्या नावावर ‘रद्द’ असं दिसेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. थोडं घे हवं तर. उद्या इकडं ये.”

संध्याकाळी त्यानं आबांना सांगितलं. धुळाजी तंबाखू मळत होते, मळतच राहिले.

“म्हंजी कोडं सुटलंच न्हाई?”

“न्हाई आबा. फ्लेक्स उतरवू का?”

“उतरव. पावसाच्या आधी कोकरांवर टाकायला काही तरी पाह्यजेच व्हतं.” मग तंबाखू तोंडात टाकून, “कोट मातर चांगला दिसून राह्यला व्हता तुला.”

सकाळी बस धरायच्या घाईत वाटेवर सर्जेराव आडवा आला.

“आन् माही दुपार?”

“आल्यावर देतो, दादा. बिलकुल देतो.”

दिवाळीला वजाबाकी न केलेल्या फाईलमधून उत्तर निघालं : ओढ आहे, छोटी आहे, उणे आहे, आणि आकड्यांचा भरवसा अजून इतका ढिला, की तिला कुणी शून्य म्हटलं तरी भांडता यायचं नाही. ज्योत्स्ना मॅडमनी ते आपल्या हातानं पुढच्या परिषदेला पाठवलं. परमेश्वर आता विद्यापीठाच्या खोलीत बसून तो भरवसा आवळत असतो. कधी कधी दुपारी स्क्रीनवरचे ठिपके एकमेकांच्या सावलीत डोकं खुपसून उभे राहतात, आणि तो त्यांना हळूच रेटून पाहतो. गावाकडं परमेश्वरच्या पाळीला आता सर्जेरावच मेंढरं राखतो, आणि त्याची ती एक दुपार फेडायला अजून कुणी तिथं येऊन बसलेलं नाही.