मास्तरांचे तीन स्क्रू

आमचे हे म्हणजे शिवणकामातले मास्तर. एकतीस वर्षं मान खाली घालून कापड बेतलं आणि त्या मानेनंच दगा दिला. नस दाबली गेली आणि उजव्या हातातून कात्री निसटायला लागली. डॉक्टर म्हणाले, "गळ्याकडून उघडून मणके एकमेकांना जोडून टाकू. एक पट्टी, सहा स्क्रू. दुखणं वाढायचं थांबेल. हाताची ताकद परत येईलच, असं मात्र सांगता येत नाही."

माणूस मुळात संशयी. ऑपरेशननंतर तर विचारूच नका! आवाज बसला तर म्हणे, "गळ्यात काहीतरी विसरलेत मेले." गोळी दिली की पाकिटावरची तारीख मला मोठ्याने वाचायला लावायचे. घरी आल्यावर एक्स-रे खिडकीला धरला. गळपट्ट्यामुळे मान वळेना, म्हणून अख्खे स्वतःच वळले आणि घोगऱ्या आवाजात ओरडले, "तीनच! अगं, तीन स्क्रू गेले कुठे?"

"अहो, बाजूने काढलाय फोटो. एकामागे एक आलेत."

"हं. लपवणारे असंच सांगतात."

पुढच्या वेळी डॉक्टरांनी समोरून काढलेला फोटो दाखवला. सहाही स्क्रू बोट ठेवून मोजले, तेव्हा कुठे गप्प बसले.

मग गाडी वळली धाकट्या भावावर. हे घरी असताना तेच माझे दीर दुकान सांभाळत होते. "तो शिवतो झकास, पण बेतणं त्याच्या बापजन्मात जमायचं नाही. मग कापतंय कोण? माझ्या टेबलाशी कुणाला तरी आणून उभं केलंय त्याने!"

बेतत होते मी. वीस वर्षं यांच्या शेजारी बसून काजं केली, हातशिलाई केली, डोळे काही मिटलेले नव्हते. दीरांनीच गळ घातली, "वहिनी, गिऱ्हाईक एकदा परत गेलं की गेलं." पण यांना सांगायची छाती होईना. हात बरा होईल या आशेवर तर माणूस दिवस ढकलत होता. 'औषधं आणते' म्हणून रोज चार तास जायची.

"औषधं आणतेस की बनवतेस?" हे विचारायचे.

एक दिवस फर्मान सुटलं, "दुकानातली कातरण घेऊन ये, पिशवीभर." नेली. नाही म्हणाले असते तर आणखी संशय. पलंगावर तुकडे पसरून हे कडांवरून बोट फिरवत बसले.

"कात्री थांबते तिथे कापडाला बारीक दात पडतो. हे सगळे उलटे पडलेत. कापणारा डावखुरा आहे."

मी डाव्या हातानेच यांच्यासाठी पाणी ओतत होते. यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू?"

"हो, मी!" माझाही तोल गेला. "दुकान बंद पाडू? तुम्ही बरे होऊन बघणार काय होतात, कुलूप?"

दुसऱ्या दिवसापासून मी औषधांचं नाव न काढता सरळ दुकानात जायला लागले.

गळपट्टा निघाल्यावर हे दुकानात आले आणि थेट कात्री उचलली. अंगठा मिटेना. कापड कापलं न जाता चावल्यासारखं झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला बघवेना, पण दीर आणि मी दोघंही जागचे हललो नाही.

तेवढ्यात कोटाचं कापड घेऊन जुनं गिऱ्हाईक आलं. "मास्तर, आलात! तुम्हीच बेता हं. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

यांनी कात्री टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"बेतणार ही. मी जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही, हिच्यावर ठेवतोय. पटत नसेल तर कापड उचला."

गिऱ्हाइकाने कापड ठेवलं. माझे डोळे भरून आले, खडूची रेघ दिसेना.

यांनी डोळे बारीक केले. "रडतेस कशाला? अजून काय लपवलंयस?"