चोणक आल्याचा आवाज

"ह्येचो आवाज गेलो," मालतीकाकी म्हणाली आणि फडक्यात बांधलेली वस्तू माझ्या बेंचवर ठेवली.

सोडून बघितलं तर मासे गरवायचं जुनं पितळी रीळ. गरवायचं म्हणजे गळानं पकडायचं. मला हसूच आलं. माझ्याकडे लोक येतात ते नेमकी उलटी तक्रार घेऊन. रीळ खरखरतंय, किंचाळतंय, तेवढं गप्प करून द्या म्हणतात. आवाज गेला म्हणून डोळ्यांत पाणी आणणारं गिऱ्हाईक मी तोवर बघितलं नव्हतं.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची इन्स्ट्रक्टर होते. पोरांना कानस नीट धरायला शिकवता शिकवता माझा घसा बसला तो कायमचा. रिटायर झाले आणि मालवणात घराच्या पडवीत बेंच टाकला. एकदा शेजाऱ्यानं बिघडलेलं रीळ आणून दिलं, मी ते उघडलं, आणि संपलं! तेव्हापासून हीच कीड लागलीय. फक्त जुनी रिळं घेते. नवी आणू नका, आतलं प्लॅस्टिक बघून माझं डोकं फिरतं. जुन्या रिळाचं तसं नाही. ते कानाशी धरावं, मूठ हळू फिरवावी आणि डोळे मिटावे. कुठला दात झिजलाय, कुठे मीठ साचलंय, सगळं आपोआप ऐकू येतं. कधी कधी मी त्या आवाजात इतकी लांब जाते की बेंच, पडवी, रस्त्यावरची रिक्षा सगळं विरघळतं आणि समोर नुसतं पाणी हलत राहतं. शेजारीण सांगत फिरते की बाई कामावर पेंगतात. सांगू दे.

"बस गो काकी," मी म्हटलं, "काय झाला ता सांग."

काकी वालावलची. घर खाडीला लागून, मागच्या दारी चार पायऱ्या उतरल्या की पाणी. तिचे यजमान भिकाजीतात्या आयुष्यभर त्या पायरीवर बसून गरवत आले. हे रीळ त्यांच्या मामानं बोटीवर नोकरीला असताना परदेशातून आणलेलं.

"आमच्यांका साखर आसा," काकी म्हणाली. "बोटांचा भान गेला. तंगूस हातात धरली तरी मासो ओढता काय पाणी, कळणा नाय. पण कान तिखट आसत. रीळ बोलला काय समाजता."

तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी. बोटं बधिर झाली तरी तात्या रिळाच्या आवाजावर गरवत होते. मग मुंबईचा मुलगा विलास सुट्टीवर आला. रीळ फार कटकट वाजतंय, वडिलांना त्रास होत असेल, म्हणून प्रेमानं घेऊन गेला आणि सर्व्हिसिंग करून आणलं.

"लोण्यासारख्या फिरता आता," काकी म्हणाली. "पण बोलणा नाय. आणि तेवापासून आमचे नदीर गेले नाय. भिंतीकडे तोंड करून बसतत. जेवतत काय, नुसते ताट चिवडतत. बाय, रीळ तुका होया तर ठेव. माका माझो घोव परत होयो."

नवरा परत हवा, इतकं सरळ मागणं. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. आत पांढरं ग्रीस, चिखल भरावा तसं ठासून भरलेलं. हे रीळ अगदी साधं. मधे दोरी गुंडाळायची चकती. तिच्या एका अंगाला बारीक दातांचं चाक. त्या दातांवर पितळेची इवलीशी जीभ टेकलेली असते आणि मागून स्प्रिंग तिला दाबून धरते. मासा दोरी ओढतो, चाक फिरतं, जीभ एका दातावरून दुसऱ्या दातावर पडते. टक. मासा पळाला की करर्रर. याला क्लिकर म्हणतात. मासा लागल्याची वर्दी देणं हेच त्याचं काम. आता चाक होतं, पण जीभ आणि स्प्रिंग दोन्ही गायब!

विलासला फोन लावला.

"बाई, ते दुकानदार म्हणाले तो पार्ट झिजलाय, उगाच वाजतो. काढून टाकला तर स्मूथ होईल."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मला वाटलं बाबांना बरं वाटेल. मी काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम कोण म्हणतंय? तो पार्ट कुठाय?"

"तिथेच राहिला. त्यांनी फेकला असणार." मग तो म्हणाला, "बाबा खरंच जात नाहीत नदीवर? आयेन माका काय सांगूक नाय."

आवाज एकदम पडला त्याचा. मला त्याची दया आली.

पितळेच्या पत्र्यातून नवीन जीभ कापली, कानशीनं घासून दातांना बसवली. जुन्या डब्यातली एक स्प्रिंग लावली. ग्रीस रॉकेलनं धुऊन काढलं. टक टक टक टक. एका लयीत, स्वच्छ. स्वतःवर खूश होऊन मी दुसऱ्या दिवशी दुपारची एसटी पकडली आणि वालावलला गेले.

तात्या ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसलेले. लांबट, वाळलेले, डोक्याला पंचा. रीळ हातात दिलं. त्यांनी ते कानाशी नेलं, दोरी थोडी ओढली आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"घड्याळ केलास मा ह्येचा, बाईनू," ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

राग आला मला. दिवसभर कानस चालवून बोटं सोलली होती! "मग कसो आवाज होतो, ता तरी सांगा तात्यानू."

"आवाज तो आवाज. काय सांगतलंय?"

"न्हयच तो!" आतून, चुलीकडून काकी ओरडली. "तो आवाज असो नव्हतो. ह्यो जाड आसा!"

मी स्वयंपाकघरात गेले. काकी तांदूळ निवडत होती. "काकी, तुका कसा कळला?"

"माका नाय तर कोणाक कळतला?" ती म्हणाली, जणू मी काही खुळ्यासारखं विचारलं. मग तिनं सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हापासून मागच्या दारातून रीळ ऐकत ती जेवण रांधत आलीय. हाक मारायची पद्धत त्या घरात नव्हतीच. रीळ तुटक तुटक वाजलं की कुर्ली, म्हणजे खेकडा, गळाचं आमिष कुरतडतोय, लक्ष द्यायचं नाही. दोनदा टकटक करून थांबलं की लहानसहान मासळी, तवा पुसून ठेवायचा. आणि एकदाच टक, मग काहीच नाही, आणि मग लांबलचक करर्रर झालं की चोणक. खाडीतला मोठा मासा. मग नारळ फोडायचा आणि वाटपाला बसायचं, कारण चोणकाचं सार वाटपाशिवाय होत नाही. तात्या मासा घेऊन पायऱ्या चढेपर्यंत खोबरं किसून तयार.

"कधी चुकलं?"

"एकदाय नाय," काकी म्हणाली. मग हसली. "एकदा चुकलंय. ओंडको होतो."

मी तिथेच ठरवलं. रीळ तात्यांच्या कानानं नाही, काकीच्या कानानं लावायचं.

मी मागच्या पायरीवर हत्यारं मांडून बसले आणि काकी चुलीशी. मी दोरी ओढायची आणि ती आतून ओरडायची. फिटरकाम सगळं मी मायक्रोमीटरवर शिकले आणि शिकवलं. त्या दुपारी माप होतं ते स्वयंपाकाचं.

"जाड!"

स्प्रिंग बदलली, जरा हलकी लावली.

"आता पानचट झाला!"

मधली लावली. जिभेची एक कड घासली, कारण जुनी जीभ एका बाजूनं झिजली असणार. दोरी बाहेर जाते तेव्हाचा आवाज वेगळा आणि परत गुंडाळतानाचा वेगळा, हे मला आता उमगत होतं.

"कच्चो आसा अजून!"

अजून घासली.

"इलो, इलो. जवळ इलो. पण नाक बंद आसा तेचा."

इथे माझं घोडं अडलं. नाक बंद म्हणजे काय? पुन्हा उघडलं, उरलंसुरलं ग्रीस काडीला फडकं गुंडाळून काढलं, झाकण पुसून वाजवून बघितलं. आतून तेच. "सर्दी झाल्यासारख्या." मग मी हात टेकले आणि नुसती बसून राहिले.

ऊन उतरत होतं. भरती चढत होती, इतकी हळू की पायरी बुडाल्याचं कळलंच नाही, एकदम माझ्या पावलांना पाणी लागलं. माडांच्या सावल्या पाण्यावर लांब होऊन पलीकडच्या काठाला टेकल्या. हवा ओलसर, कुठे तरी केवडा असावा. मला झापड आली की मी जागीच होते, सांगता येणार नाही. पाण्यापलीकडे कोणी तरी होडीत वल्हं आडवं टाकलं. धम्म. लांबचा माणूस, लहानसं वल्हं, आणि आवाज कसा भरून आला, अगदी शेजारी पडल्यासारखा. मी तशीच अर्धवट गुंगीत विचार करत होते, लाकडाला एवढा आवाज कुठून? होडी पोकळ ना.

पोकळ! मी ताडकन उठून ओसरीकडे गेले.

"तात्यानू! गरीची काठी खंय आसा?"

तात्यांनी मान वळवली. त्या दिवसात पहिल्यांदाच ते भिंतीकडून पूर्ण वळले. "वळचणीक आसा. कित्याक?"

काठी काढली. जुना बांबू, आतून पोकळ, हाताच्या घामानं तुळतुळीत झालेला. आणि रीळ बसायच्या जागी जाड काळं रबर, गोंद लावून पक्कं चिकटवलेलं.

"ह्या कोणी लायल्यान?"

"झिलान," तात्या म्हणाले. "माझ्या हातातसून घसारता म्हणान."

झील म्हणजे मुलगा, विलासच. काठीवर बांधलं असतं तरी या बुचानं आवाज दाबलाच असता! रीळ नुसतं टकटक करायचं, आवाज भरायचा तो बांबूत. सतार कापसाच्या गादीवर ठेवून तारा पिळत बसावं, तसं रीळ नुसतं हातात धरून माझं दुपारभर चाललं होतं. मी पटाशीनं रबर खरवडून काढलं. तात्या आता पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी येऊन उभे होते. रीळ कसं बांधायचं ते त्यांनी सांगितलं, त्यांच्या बोटांना गाठ जमेना म्हणून बांधली मी. पितळ सरळ बांबूवर. काठीचं बूड त्यांनी पायरीच्या दगडावर टेकवलं, नेहमीच्या खाचेत.

मी दोरी धरली. एकदाच ओढली. टक. थांबले. मग सगळा हात मागे नेला.

करर्रर.

पाण्यावरून तो आवाज पलीकडे गेला आणि परत आला असं मला वाटलं. तात्यांचे डोळे मिटलेले. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

आतून काहीच नाही. जाड नाही, कच्चो नाही. मी परत ओढली. करर्रर. तरी गप्प. आता मात्र मला काळजी वाटली, काकी झोपली की काय?

"काकी गो! कसो आसा?"

उत्तर आलं नाही. आला तो नारळ फोडल्याचा आवाज. फट्. आणि मग किसणीचा. खर्र, खर्र, खर्र.

तात्या ऐकत राहिले. त्यांचा चेहरा आधी ताठ झाला, मग पंच्यानं त्यांनी सगळं तोंडच पुसून टाकलं.

"खुळी मेली," ते म्हणाले. "मासो खंय आसा अजून?"

किसणी थांबली नाही.

"आता मासो आणूक होयो," ते स्वतःशीच पुटपुटले आणि भिंतीला हात लावत एक एक पायरी उतरून आपल्या जागी जाऊन बसले. मी गळाला कोळंबी लावून दिली. गळ त्यांनी स्वतः टाकला.

चोणक त्या संध्याकाळी काही आला नाही. खोबरं सगळं काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात गेलं. तात्या दोनदा भात घेऊन जेवले आणि भरतीला शिव्या घालत राहिले. मला वाढताना काकीनं हळूच माझा हात दाबला. विलासला मी निघण्यापूर्वी फोन लावून दिला. काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण तात्या फोनवर ओरडत होते, म्हणजे सगळं ठीक होतं.

माझ्या कामात एवढाच बदल झाला. आता कोणी जुनं रीळ घेऊन आलं की मी उघडण्याआधी सांगते, काठी घेऊन या. आणि हे वाजल्यावर तुमच्या घरात जो माणूस उठून कामाला लागतो ना, त्यालाही घेऊन या.